रॉकेलच्या डब्यातला किल्ला

सातवीची फायनल पास होऊन मी एकोणिसाव्या वर्षी मिरजगावजवळच्या एका खेड्यात मास्तर म्हणून लागलो. माझ्या अंगात तेव्हा दोनच गुण होते. अक्षर बरं होतं आणि कुणाचाही आवाज काढता यायचा. कर्जतला शिकत असताना मी एकदा शाळा सुटल्याची घंटा तोंडानं वाजवली होती आणि दोन वर्ग दप्तरं उचलून घरी गेले होते. तिसरा वर्ग सुटला नाही, कारण तो ज्यांच्याकडे होता ते मास्तर कानानं कमी होते. हे हेडमास्तरांना आधी कळलं असतं तर त्यांनी मला चौथीचा इतिहास दिला नसता.

इतिहास म्हणजे तेव्हा सनावळी. दुपारी जेवून आल्यावर तास असायचा. पोरं पाढ्यासारखे सन म्हणायची आणि म्हणता म्हणता डोळे मिटायची. एक सन चुकला तर पुढचे सगळे एक घर सरकायचे. लढाईच्या आधी तह आणि जन्माच्या आधी राज्याभिषेक, असा सगळा मामला. मी कोंबडा आरवून त्यांना जागं करायचो. कोंबड्यानंतर पुन्हा सनच यायचे.

पुस्तकात नगरच्या किल्ल्याचा धडा होता. दिल्लीच्या फौजेनं वेढा घातला, राणीनं किल्ला लढवला, सुरुंगानं भिंत पडली, राणीनं ती पुन्हा बांधून घेतली. आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट, तरी वर्गातल्या एकाही पोरानं तो किल्ला पाहिलेला नव्हता. महायुद्धाच्या दिवसांत तिथं मोठमोठी पुढारी माणसं कोंडून ठेवली होती, एवढंच त्यांना घरी ऐकून माहीत. धडा वाचून झाल्यावर पुढच्या रांगेतला एक वात्रट पोरगा उठला.

"गुरुजी, राणीला कशापायी पकाडलं हुतं?"

"पकडलं कुठं? ती किल्ल्यात होती."

"मंग? किल्ल्यात कोन उगंच जातंय व्हय?"

वर्गाला ते पटलं. मी विषय बदलावा म्हणून विचारलं, "तह केला म्हणजे काय केलं?"

पत्रेवाल्या चाचांची मुलगी उठली. "घडी घातली, गुरुजी."

सगळे हसले, सगळ्यांत मोठ्यांदा मी. तिच्या घरी कपड्याची घडी घालायला तह करणं म्हणतात, हे मला नंतर कळलं. ती मात्र आपल्या उत्तरावर ठाम होती. दोघं भांडत होते, मग घडी घालून ठेवलं भांडण, यात चुकलं काय, असं तिचं तोंड होतं.

गावात मुसलमानांची सात-आठ घरं, आणि त्यातली शाळेत येणारी ही एकटी मुलगी. चाचा डबे, चिमण्या, गाळण्या असलं पत्र्याचं काम करायचे. त्यांना वाटे, पोरीनं चौथीची परीक्षा द्यावी. त्यांची बहीण, म्हणजे मुलीची फुफी, घर चालवायची. तिचं म्हणणं, वाचायला येतंय ना, मग बास झालं, आता चुलीपुढं बसू दे. परीक्षा मार्चात, मिरजगावला. हे भांडण मला ठाऊक होतं, कारण चाचांच्या घराची भिंत शाळेला लागून होती आणि फुफीचा आवाज बेताचा नव्हता.

नगरला एका मोठ्या शाळेत मी मॅजिक लँटर्न पाहिला होता. काचेवरचं चित्र भिंतीवर माणसाएवढं दिसायचं. तसं काहीतरी करता येईल का, म्हणून मी चाचांकडे गेलो. ते कथलानं पत्र्याचे सांधे झाळत बसले होते. झाळताना त्यांची एक सवय होती. नाकातून फूऽऽ करून धूर उडवायचे आणि समोर घाई करत बसलेल्या गिऱ्हाइकाला म्हणायचे, "सबूर, सबूर! अब्बी हुता, अब्बी हुता!"

मी सगळं समजावून सांगितलं. भिंग माझ्याकडे आहे, नगरच्या जुन्या बाजारातून आणलंय. डबा तुम्ही करा. पण आत दिवा पेटवायला रॉकेल लागणार, आणि रॉकेल तर रेशनवर.

चाचांनी वर बघितलं. "उनाला कुटं रेशन हाय, मास्तर?"

असं ते यंत्र झालं. वर्गाच्या दक्षिणेच्या खिडकीला घोंगडी लावायची, तिच्या भोकात रॉकेलचा रिकामा डबा बसवायचा. बाहेरून कुणीतरी न्हाव्याचा आरसा धरून ऊन डब्यात सोडायचं. डब्यात काच, काचेपुढं भिंग, आणि समोर चुन्याची पांढरी भिंत. फुटलेल्या तसबिरींच्या काचा मी जमवल्या. काळ्या कागदाचे घोडे, माणसं, तोफा चाचांच्या मुलीनं पत्र्याच्या कात्रीनं कापल्या. मी कापलेला घोडा शेळी दिसायचा. तिनं कापलेल्या घोड्याला आयाळ होती. आभाळाला पतंगाचा निळा कागद तेलात भिजवून डकवला, आगीला लाल.

पहिल्या दिवशी भिंतीवर किल्ला दिसला तो उलटा. खाली आभाळ, वर खंदक, आणि फौज छताला पाय लावून चाललेली.

"गुरुजी, किल्ल्यानं शीर्षासन केलं!" वात्रट ओरडला.

भिंगातून चित्र उलटं पडतं, म्हणून काच उलटी घालायची, हे मला तेव्हा कळलं. मास्तरांना आधी माहीत असायला हवं, असं हेडमास्तर दारातून म्हणाले. मी म्हटलं, आता माहीत झालं. काच उलटी घातली आणि किल्ला पायांवर उभा राहिला. मग वर्गात जी शांतता झाली, ती माझ्या कोंबड्यानं कधी झाली नव्हती.

अडचण एकच होती. सूर्य थांबत नाही. चार मिनिटांत चित्र भिंतीवरून घसरायचं, म्हणून आरसा सारखा तिळतिळ फिरवावा लागायचा. ते काम चाचांनी आपणहून घेतलं. दुपारी तास लागला की हातातलं काम ठेवून खिडकीबाहेर दगडावर बसायचे आणि आरसा धरायचे. आत काय दिसतंय हे त्यांना कधीच दिसायचं नाही. त्यांना फक्त ऐकू यायचं. पण फुफीला त्यांनी सांगून टाकलं होतं, "मैंच जाता स्कूल में, फिर बच्ची के जाने कू क्या हुआ?" चाचा शाळेत येतात तोवर मुलगी येणार, असं ते ठरून गेलं.

आता चित्र आलं म्हटल्यावर आवाज आलेच. राणीला मी आमच्या कर्जतच्या मास्तरीणबाईंचं शुद्ध मराठी दिलं. घोडे खिंकाळले, तोफा धडाडल्या, सुरुंग फुटताना मी टेबलावर अशी थाप मारली की दौत सांडली. पोरं दुपारी जेवायला घरी जाऊन पळत परत यायला लागली. शेजारची तिसरी दाराशी गोळा व्हायची. एक आजोबा शेतावरून येता येता दोनदा डोकावून गेले आणि म्हणाले, "भिंत पडायची आज हाय का उंद्या?"

राहिला दिल्लीचा सरदार. त्याला आवाज हवा होता. मी फार विचार केला नाही. मुसलमान सरदार म्हटल्यावर तोंडात जो आवाज आला तो काढला. भिंतीवर सुरुंग खणणारी माणसं दिसत होती. सरदार त्यांच्यामागं उभा. मी नाकातून फूऽऽ केलं आणि म्हटलं, "सबूर, सबूर! अब्बी हुता, अब्बी हुता! कायकू घाई करतें रे?"

वर्ग फुटला. पोरं बाकांवर लोळायला लागली. मला चेव आला. मी 'नक्को, नक्को'ची आणखी दोन वाक्यं टाकली, एकदा खोकलो, चाचा चष्मा सावरतात तसा सावरला. हसू वाढतच गेलं. मग भिंतीवरचा सरदार हळूहळू कोपऱ्याकडे सरकायला लागला. तो छतावर गेला, आडव्या लाकडावर वाकडा झाला आणि दिसेनासा झाला. खोलीत अंधार.

"चाचा, आरसा!" मी हाक मारली.

मी घोंगडी सारून बाहेर बघितलं. आरसा दगडावर पालथा ठेवलेला होता. चाचा नव्हते. आत वळलो तर मुलगीही तिच्या जागेवर नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशी नाही. मी मनात म्हटलं, रुसलेत, येतील. आठवडा गेला. परीक्षेला महिना राहिला होता आणि परीक्षेला बसणाऱ्यांची नावं मिरजगावला कळवायची होती. हेडमास्तर म्हणाले, "तिचं लिहू का नको? तुम्ही सांगा. तुम्हाला सगळ्यांचे आवाज काढता येतात, तिच्या बापाचं मत काय आहे ते तुम्हालाच माहीत."

हेडमास्तर शांत माणूस. पण हे त्यांनी नीट नेम धरून मारलं.

मी संध्याकाळी गेलो. चाचा चिमणीला बूड लावत होते. मान वर केली नाही. मी वाटेत दोन-तीन विनोद तयार करून आणले होते. पहिला दारातच मेला.

आतून पडद्यामागून फुफी म्हणाली, "आले का नक्कल करनारे?"

"बसा," चाचा म्हणाले.

मी बसलो. "चाचा, चुकलं माझं."

"काय चुकलं?"

"तुमची नक्कल केली."

"नक्कल तर तुमी पोष्टमनची बी करता. कोंबड्याची बी करता. माझी पयले बी केलीय, ह्या दुकानात, माझ्याम्होरं. मी हासलो न्हाई का?"

हसले होते. डोळ्यात पाणी येईपर्यंत हसले होते.

"मग?" मी विचारलं.

त्यांनी चिमणी खाली ठेवली. "त्याच सांजंला पोरगी आडावर गेल्ती. चार पोरं म्हनाली, ए दिल्लीवाली, आमची भिंत पाडतीस काय? दोर वडला तिचा. तिनं घरी येऊन मला इचारलं, अब्बा, आपन दिल्लीचे हाय का? काय सांगू मी? तिच्या आज्याचा आजा हितल्या मातीत हाय."

मला एकही आवाज सुचत नव्हता, स्वतःचासुद्धा.

"आन एक सांगा, मास्तर. तुमी शिकल्याले. किल्ल्यात कोन हुतं?"

"राणी. नगरची माणसं."

"आन भाईर?"

"दिल्लीची फौज."

"मंग 'कायकू' आन 'नक्को' दिल्लीवाल्याच्या तोंडात कुटून आलं? दिल्लीच्या मानसाला 'नक्को' ठावं तरी हाय का? त्यो आमचं बोलनं ऐकंल तर तुमच्यावानीच हासंल. ही किल्ल्याच्या आतली बोली हाय, मास्तर. राणीची. तोफखान्यातल्या लोकांची. आमच्यातली म्हातारी मानसं सांगायची, आपले लोक किल्ल्यात तांब्या-पितळंचं काम करत हुते. खरं-खोटं अल्ला जाने. पन आत. आन तुमी मला वेढ्यात नेऊन उबा केला."

इतिहासाचं पुस्तक मला पाठ होतं. सन विचारा, महिना विचारा. पण राणी घरात कोणत्या भाषेत बोलत असेल, हा प्रश्न माझ्या डोक्यात कधी आला नव्हता. मी तिला कर्जतच्या मास्तरीणबाई करून मोकळा झालो होतो, आणि तिच्याच गावच्या माणसाचा आवाज काढून शत्रूला दिला होता. मी फौजांची अदलाबदल केली होती आणि वर दौतही सांडली होती.

शेवटी मी विचारलं, "मग राणी कशी बोलत असेल, चाचा?"

चाचा विचार करायला लागले. फारशी बी बोलत आसंल, म्हणाले, मोठ्या लोकांत. पन गवंड्यांशी, बिगाऱ्यांशी…

"गवंडी से फारशी में बोलेगी क्या?" पडदा हलला. फुफी तिथंच उभी होती. "दीवार पड गई, दुश्मन सामने, और वो फारशी बोलती बैठेगी? सुनो. ऐसा बोलेगी. 'पडी तो पडी! उठो! फत्तर लाव, चूना लाव! मेरे मूं कू क्या देखतें? रोना है तो कल रोव, आज हात चलाव!'"

फुफी घरात रोज ज्या आवाजात मुलीला पाणी आणायला सांगायची, तोच हा आवाज. मी तो महिनोन्‌महिने भिंतीपलीकडून ऐकत होतो. त्यात राणी आहे, हे माझ्या कानाला कळलं नव्हतं.

चुलीपाशी मुलगी बसली होती. ती उठली, कमरेवर हात ठेवला, हनुवटी थोडी वर केली आणि तेच सगळं पुन्हा म्हणाली. शब्द तेच, चढउतार तोच, "रोव"वरचा तो झटका तोच. हुबेहूब फुफी. चाचांचं हसू सुटलं. फुफीनं आधी डोळे वटारले, मग पडद्यात तोंड लपवलं. मी हसलो नाही. माझ्या धंद्यातलं माणूस भेटलं होतं आणि मी जरा घाबरलो होतो.

"एकदा तिला हे वर्गात म्हणू द्या," मी म्हणालो. "मग परीक्षेचं तुम्ही ठरवा."

चाचांनी फुफीकडे बघितलं. फुफी म्हणाली, "आरसा कोन धरेगा?"

"मी धरतो."

दुसऱ्या दिवशी सगळ्यांत आधी मी फळ्यावर एक वर्तुळ काढलं. हा किल्ला. मग पोरांना विचारलं, आत कोण? बाहेर कोण? त्यांनी सांगितलं. मी म्हटलं, गेल्या खेपेला मी आतल्या माणसाचा आवाज काढून बाहेरच्याला दिला. मास्तर चुकला. ज्यांनी आडावर दोर ओढला तेही चुकले, त्यांनी आपल्याच किल्ल्यातल्या माणसाला दिल्लीवाली म्हटलं. वात्रट पोरगा खाली बघायला लागला, म्हणजे तो त्या चौघांत होता.

"मंग दिल्लीचा सरदार कसा बोलतो, गुरुजी?" मागून एकानं विचारलं.

"मला दिल्लीची बोली येत नाही. म्हणून तो मुका."

चाचा आत बसले, डब्यापाशी, काचा बदलायला. मी बाहेर दगडावर. आरसा धरणं वाटतं तेवढं सोपं नाही. मनगट हललं की आत किल्ला हलतो, आणि आतून चाळीस पोरं ओरडतात. घाम डोळ्यात जातो आणि पुसता येत नाही. दिसत काहीच नाही. समोर काळी घोंगडी, बास. घोड्याचं खिंकाळणं कुणीतरी काढलं, बऱ्यापैकी. सुरुंग फुटला. मग आतून चाचांचा आवाज आला, अगदी हळू, "या अल्ला, किती मोठा दिसतो हो!" ते डब्याशी महिनाभर झटले होते आणि भिंतीवरचं चित्र पहिल्यांदाच बघत होते.

मग ती बोलली. "पडी तो पडी! उठो!"

पोरं हसली. आरसा हलला, आतून ओरड झाली, मी सावरला. ती थांबली नाही. "मेरे मूं कू क्या देखतें?" हे तिनं हसणाऱ्यांनाच म्हटलं असणार, कारण हसू एकदम बंद झालं. शेवटचं वाक्य झालं आणि आतून धावपळीचा आवाज आला. काय झालं ते मला तास सुटल्यावर कळलं. तिनं हात चलाव म्हटल्याबरोबर तीन-चार पोरं उठून भिंतीपाशी गेली होती आणि चित्रातल्या खिंडाराला हातांनी दगड लावायला लागली होती. पहिला उठला तो वात्रट. त्यांच्या सावल्यांनी खिंडार बुजून गेलं, असं चाचा सांगत होते. त्यांनी ते तीन वेळा सांगितलं.

हेडमास्तरांनी मुलीचं नाव लिहिलं. फुफीचा होकार कुणी मला सांगितला नाही, पण भिंतीपलीकडची भांडणं थांबली आणि त्या जागी रोज शाळा भरायच्या आधी सनावळी ऐकू यायला लागली. त्यात एक सन चुकत होता. ती वर्गात आल्यावर मी तो दुरुस्त करायचो.

परीक्षेच्या सकाळी आमची गाडी पारापाशी उभी होती. परीक्षेला बसणारी इतर सहा मुलं चढली, ही नाही. गाडीवान म्हणाला, "मास्तर, ऊन व्हतंय, निगू का?" मी म्हटलं, थांब. दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणायच्या आत ती आली, आणि तिच्यामागून बुरख्यात फुफी.

"मैं बी आती," फुफी म्हणाली. "कैसी परीक्षा लेते, देखती." आणि कुणी सरकायच्या आत गाडीत चढून बसली.

मिरजगावला तोंडी परीक्षेत तपासनीस साहेबांनी तिला नेमका किल्लाच विचारला. मी दाराबाहेर होतो. ती मराठीत नीट सांगत होती, सनासकट. "मग राणी लोकांना काय म्हणाली?" साहेबांनी सहज विचारलं. तिनं सांगितलं, तिच्या घरच्या बोलीत, हात कमरेवर ठेवून. साहेबांची पेन्सिल थांबली.

"हे पुस्तकात कुठं आहे?"

"पुस्तकात न्हाई, साहेब," ती म्हणाली. "पुस्तकात फकस्त भिंत बांधली यवढंच हाय. न बोलता कशी बांधून हुईल?"

साहेबांनी पेन्सिल पुन्हा टेकवली आणि काहीतरी लिहिलं. काय ते मला दारातून वाचता आलं नाही.

निकालाचा कागद आला तेव्हा चाचा शाळेत आले. त्यांना वाचता येत नव्हतं. मुलीनं त्यांचं बोट धरून तिच्या नावावर ठेवलं. ते बोट त्यांनी बराच वेळ तिथून उचललं नाही. मला राहवेना. मी म्हटलं, "चाचा, आता पाचवी. मिरजगावला रोज जायचं म्हणजे…"

"मास्तर," चाचा कागदावरून नजर न काढता म्हणाले, "आजचा दिस जरा गप बसा की."

मी बसलो.